'पडीक' : जमीन आणि माणूस

ठाणे-कल्याण परिसरातील मराठीत 'पडीक' हा शब्द आज दोन ठिकाणी ऐकू येतो, आणि या दोन ठिकाणी त्याचे अर्थ परस्परांच्या उलट दिशेने जातात. 'ती जमीन पडीक आहे' असे म्हटले असता तिकडे कोणी फिरकत नाही, असा बोध होतो. 'तो वाचनालयात पडीक असतो' असे म्हटले असता तो तेथून हलत नाही, असा बोध होतो. एका प्रयोगात माणसाचा अभाव आहे, दुसऱ्यात माणसाचा अतिरेक आहे. कोशरचनेच्या रूढ पद्धतीने पाहिल्यास हा प्रश्न सहज निकालात निघतो. जमिनीचा अर्थ पहिला, माणसाचा दुसरा, आणि दुसऱ्यापुढे 'लाक्षणिक' अशी खूण. परंतु लक्षणा म्हणजे मुख्यार्थाशी काही एक संबंध. तो संबंध कोणता, हे सांगितल्याशिवाय नुसती खूण करणे म्हणजे प्रश्नाला उत्तराचे नाव देणे होय. साहित्यशास्त्राने वैपरीत्यावर आधारलेली लक्षणाही मान्य केली आहे हे खरे. तथापि ती उपरोधाच्या ठायी संभवते. 'वाचनालयात पडीक असतो' या वाक्यात लाडिक तक्रार असेल, क्वचित कौतुकही असेल, उपरोध मात्र असतोच असे नाही. तेव्हा या दोन अर्थांना जोडणारा धागा अन्यत्र शोधला पाहिजे.

प्रथम शब्दाची घडण पाहावी. संस्कृत 'पत्' धातूपासून प्राकृतात 'पडइ' आणि त्यावरून मराठी 'पडणे' ही परंपरा निर्विवाद आहे. 'पडीक'मधील 'ईक' हा प्रत्यय मराठीत फारसा फलद्रूप नसला तरी एकाकी नाही. 'पढीक पंडित' आणि 'सडीक तांदूळ' हे त्याचे परिचित सोबती होत. (येथील 'सडणे' म्हणजे तांदूळ कांडणे, कुजण्याशी त्याचा संबंध नाही.) या दोन शब्दांशी 'पडीक'ची तुलना केली असता एक भेद लगेच नजरेस येतो. तांदूळ सडीक आहे म्हणजे तो कोणीतरी सडला आहे. विद्या पढीक आहे म्हणजे ती कोणीतरी पढली आहे. हे दोन्ही धातू सकर्मक असल्यामुळे विशेषणाच्या आड कर्ता उभा असतो आणि विचारल्यास पुढे येतो. 'पडणे' अकर्मक आहे. जमीन पडीक आहे असे म्हटल्यावर 'ती कोणी पाडली?' हा प्रश्न व्याकरणच विचारू देत नाही. 'पड टाकणे' या प्रयोगात कर्ता आहे. शेतकरी जमीन पड टाकतो. परंतु 'पड टाकली'चे 'पडीक आहे' झाले की टाकणारा नाहीसा होतो, आणि झालेली गोष्ट जमिनीचा गुण म्हणून शिल्लक राहते. या शब्दाच्या पुढील सर्व इतिहासाचे बीज या रूपांतरात आहे.

'पडीत' हे जोडरूप महसुली लिखाणात आढळते. त्याचा संबंध थेट संस्कृत 'पतित'शी जोडण्याचा मोह होतो. परंतु प्राकृतात 'पतित'मधील दोन स्वरांमधला तकार लोपून 'पडिअ' होते, त्यामुळे 'पडीत'मधील तकार मागाहून प्रत्ययरूपाने आलेला मानणे अधिक सयुक्तिक दिसते. विद्यार्थी आणखी एका ठिकाणी फसतात. ठाण्यातील नौपाडा किंवा जिल्ह्यातील असंख्य आदिवासी पाडे यांतील 'पाडा' पडण्यापासून आलेला नाही. तो संस्कृत 'पाटक' म्हणजे वस्तीचा भाग यापासून आलेला आहे. तसेच 'नापीक' आणि 'पडीक' यांचा अंत्यानुप्रास हा केवळ योगायोग आहे. 'नापीक'मध्ये 'पीक' हे नाम आहे आणि तो शब्द जमिनीच्या असमर्थतेविषयी बोलतो. 'पडीक' जमीन उत्तम पिकाऊ असू शकते. वृत्तपत्रांतून 'नापीक व पडीक' अशी जोडी इतकी रूढ झाली आहे की हा भेद पुसट होत चालला आहे. आणि तो पुसट होण्यात कोणाचा तोटा होतो, हे पुढे दिसेल.

शब्दाच्या अर्थाची खरी कसोटी तो कोणाशी जुळतो यापेक्षा कोणाशी जुळत नाही यात असते. पडीक शेत, पडीक विहीर, पडीक गिरणी, पडीक बंगला हे प्रयोग सहज होतात. पडीक डोंगर, पडीक नदी, पडीक समुद्र असे कोणी म्हणत नाही. डोंगरावर कोणी राबत नसले तरी तो पडीक ठरत नाही, कारण त्याच्याकडून काही कामाची अपेक्षाच नव्हती. म्हणजे 'पडीक' हा शब्द अपेक्षा गृहीत धरतो. वस्तूला काही काम नेमून दिलेले होते, किंवा द्यावयास हवे होते, आणि ते ती करीत नाही.

'ओसाड' या शब्दाशी त्याची गल्लत कोशांच्या समानार्थमाळेत नित्य होते, ती या दृष्टीने सदोष आहे. 'ओस' हे संस्कृत 'उद्वस'पासून आले. त्याचा संबंध वस्तीशी आहे. गाव ओसाड होते, शेत पडीक होते. 'ओसाड गावची पाटीलकी' या म्हणीच्या जागी 'पडीक गावची पाटीलकी' ठेवून पाहिल्यास म्हण मोडते. महसुली दप्तरांतील 'बेचिराग' गाव म्हणजे ज्यात दिवा लागत नाही असे गाव. तेथील जमिनी शेजारच्या गावचे लोक कसत असू शकतात. गाव ओसाड आणि शिवार लागवडीखाली, ही स्थिती त्या शब्दात सहज सामावते. (या 'बेचिराग'चे 'बेचिराख' होऊन दिव्याच्या जागी राख कशी आली, हा लोकव्युत्पत्तीचा एक रम्य नमुना आहे, त्याचा विस्तार येथे अप्रस्तुत होईल.) देशावरील जुन्या दप्तरांत ज्या जमिनीचे मिरासदार घराणे नष्ट झाले वा परागंदा झाले ती 'गतकूळ'. ज्या मालाला वा प्रेताला हक्क सांगणारा नाही ते 'बेवारस'. हे तिन्ही शब्द गेलेल्या माणसाचा निर्देश करतात: दिवा लावणारा गेला, कूळ गेले, वारस नाही. 'पडीक' मात्र गेलेल्या माणसाविषयी चकार शब्द काढीत नाही. या शब्दकुळातील इतर शब्द अनुपस्थिताचे नाव घेतात. हा एकटा जमिनीची मुद्रा वर्णन करतो.

याच धातूची तत्सम शाखा माणसाकडे वळली, हे विलक्षण आहे. 'पतित' म्हणजे पडलेला माणूस. धर्मशास्त्रात या पडण्याचा एक प्रकार असा आहे की त्यात मनुष्याने काही दुष्कृत्य केलेले नसते. उपनयनाची विहित वयोमर्यादा संस्कारावाचून उलटून गेली की तो 'सावित्रीपतित' ठरतो. मनुस्मृतीत ही मर्यादा वर्णपरत्वे सोळा, बावीस व चोवीस वर्षांची सांगितली आहे. येथे पडणे म्हणजे ठरलेल्या मुदतीत ठरलेला संस्कार न होणे. अकबराच्या महसूलव्यवस्थेत जमिनीचे जे चार वर्ग 'आइन-इ-अकबरी'त दिले आहेत, त्यांचे तत्त्वही तेच आहे. दरसाल पेरली जाणारी ती पोलज, मधूनमधून विश्रांतीस टाकलेली ती परौती, तीन-चार वर्षे न पेरलेली ती चाचर आणि पाच वर्षे किंवा अधिक काळ न पेरलेली ती बंजर. मातीचा पोत कोणताही असो, तिची पायरी ठरते ती नांगराच्या गैरहजेरीच्या वर्षांवरून. एका बाजूस मौंज, दुसऱ्या बाजूस नांगर. दोन्हीकडे मोजणारा आहे आणि पंचांग आहे. 'पडीक' या शब्दाच्या पोटात ही मुदत दडलेली आहे. तो मूलतः कालवाचक शब्द आहे. 'तूर्त पडून आहे' हा त्याचा गाभा होय.

हा गाभा ठाणे जिल्ह्यात कसा पालटला, हे पाहणे उद्बोधक आहे, कारण येथील शेतीची रचनाच अशी होती की न पेरलेली जमीन ही पेरलेल्या जमिनीचा अर्धा भाग असे. सखल खाचरात भात. उताराच्या हलक्या जमिनीत, म्हणजे 'वरकस'मध्ये, नाचणी, वरी, खुरासणी. वरकस दोन-तीन वर्षे पेरून मग काही वर्षे विश्रांतीस सोडावी लागे. या विश्रांतीच्या काळात तिच्यावर गवत वाढे, झुडपे वाढत, आणि त्यांची कवळ तोडून, शेण, पालापाचोळा व माती यांच्या थरांसह ती भाताच्या रोपवाटिकेच्या जागेवर पावसाळ्यापूर्वी जाळली जाई. हाच 'राब'. राबाशिवाय रोप नाही, रोपाशिवाय लावणी नाही. म्हणजे ज्या वर्षी वरकस 'पडीक' दिसे त्याही वर्षी ती खाचरातील भाताला खाऊ घालीत असे. राबासाठी झाडे छाटण्याच्या हक्कावर वनखात्याचे निर्बंध आले तेव्हा ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतून एवढी ओरड झाली की १८८५ साली सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. वनखात्याला जे रान दिसत होते ते शेतकऱ्याला खत दिसत होते. वाद झाडांचा असला तरी त्याच्या मुळाशी एका नावाचा प्रश्न होता.

याहून बोलका शब्द गाव नमुना बाराच्या रकान्यात सापडतो. 'लागवडीसाठी उपलब्ध नसलेली जमीन' या सदराखाली तलाठ्याच्या हातची 'गवत पड' अशी नोंद नेहमी आढळते. या जोडशब्दाकडे कोशकारांनी थांबून पाहावयास हवे. 'गवत' हे उत्पन्न आहे आणि 'पड' म्हणजे उत्पन्नाचा अभाव. दोन पदे एकमेकांना नाकारतात, आणि तरीही समास सुखाने नांदतो. ठाणे जिल्ह्यातील गवत ही काही क्षुल्लक वस्तू नव्हती. मुंबईच्या तबेल्यांची भूक त्यावर भागत असे आणि त्याचा मोठा व्यापार होता. १९४५ साली तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील वारल्यांनी जो संप केला त्याची एक प्रमुख मागणी गवतकापणीच्या मजुरीची होती: पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाडा येथे गोळीबार होऊन माणसे मेली. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या ग्रंथात या लढ्याचा वृत्तांत आला आहे. (हा भाग १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो.) ज्या गवताची मजुरी मागताना माणसे मरतात, ते गवत ज्या जमिनीवर वाढते तिला 'पड' म्हणणारी भाषा कोणाची, असा प्रश्न येथे अपरिहार्यपणे उपस्थित होतो. ती कापणाऱ्याची खास नव्हे. जमीनदाराची म्हणावी, तर त्यालाही गवताचे मोल पुरते ठाऊक होते. ती नमुन्याची भाषा आहे. नमुन्याला पीक म्हणजे पेरलेले पीक एवढेच कळते. जे आपोआप उगवते आणि घाम गाळून कापावे लागते, त्याला त्यात रकाना नाही.

कायद्याने या शब्दाशी दोनदा झुंज दिली, आणि दोन वेळा दोन विरुद्ध निर्णय दिले. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायद्यातील 'शेती'च्या व्याख्येत गवताच्या उत्पादनाचा समावेश आहे. तसेच राबाच्या खतासाठी केलेला जमिनीचा उपयोगही, ती जमीन भातशेतीची पुरवणी असो वा नसो, शेतीच मानला गेला आहे. कोकणातील शेतीचे मर्म जाणणारी ही व्याख्या आहे. परंतु व्याख्या एक आणि दप्तर दुसरे. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी जो जमीन कसत होता तो तिचा मालक मानला जावयाचा होता. त्या हंगामाच्या पाहणीत जर 'गवत पड' अशी नोंद असेल, तर गवत ही शेती आहे असे कायदा म्हणतो आणि येथे शेती नाही असे नमुना म्हणतो. अशा पेचात कागदाचे पारडे जड होण्याचा संभव अधिक. पुढे १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला. ठाणे-कल्याण परिसर त्याच्या कक्षेत येत होता. या कायद्यानेही शेतीची व्याख्या केली, आणि तीत 'गवत वाढविणे' हे शेतीतून स्पष्ट शब्दांत वगळले. शिवाय नियत दिवसापूर्वी महसुली दप्तरात शेतीसाठी म्हणून नोंद नसलेली जमीन शेतजमीन मानावयाची नाही, असेही सांगितले. नागरी प्रदेशातील जमीनधारकांनी गवताचे निमित्त पुढे करून कमाल मर्यादा चुकवू नये, हा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु अर्थशास्त्र्याला जे धोरण वाटेल ते भाषाभ्यासकाला वेगळे दिसते. एकाच जिल्ह्यातील एकाच गवताला अठ्ठावीस वर्षांच्या अंतराने दोन कायद्यांनी दोन नावे दिली, आणि मधल्या काळात गवतात काडीचाही फरक पडला नव्हता. महाराष्ट्रात हा दुसरा कायदा २००७ साली रद्द झाला.

इंग्रजीतून झालेल्या भाषांतराने या शब्दावर जो भार टाकला तो याहून सूक्ष्म आहे. इंग्रजी 'वेस्ट' या शब्दात 'वाया गेलेले' हा अर्थ अंगभूत आहे. जॉन लॉकने १६९० सालच्या आपल्या ग्रंथात, ज्या भूमीला मानवी श्रमाचा हात लागला नाही तिला हे नाव देऊन श्रमातून मालकी निर्माण होते हा सिद्धान्त मांडला. साम्राज्यकाळातील जमीनविषयक धोरणांना या विचाराचा मोठा आधार मिळाला. मराठी 'पडीक'मध्ये 'वाया' नाही. पडीक जमिनीची निंदा मूळ शब्दात नव्हती, जशी रात्री निजलेल्या माणसाची निंदा 'निजलेला' या शब्दात नसते. परंतु स्वातंत्र्यानंतरच्या शासकीय योजनांत, विशेषतः १९८५ साली राष्ट्रीय पातळीवर या विषयाचे मंडळ स्थापन झाल्यानंतर, 'वेस्टलँड'चा मराठी पर्याय म्हणून 'पडीक जमीन' हाच शब्द रूढ झाला. तेव्हापासून 'पडीक जमिनीचा विकास' हा शब्दप्रयोग सर्वतोमुखी झाला आहे. कालवाचक शब्द गुणवाचक झाला. तूर्त पडलेली जमीन ही जात्याच पडलेली जमीन झाली. 'पड' ही ज्या शेतीची एक अवस्था होती तिचा दोष म्हणून तीच अवस्था दाखवली जाऊ लागली. परभाषेतील संज्ञेला देशी शब्द सापडला याचा आनंद अनुवादकाला होतो. परंतु कित्येकदा अशा वेळी देशी शब्दाच्या अंगावर परक्याचा अंगरखा चढतो आणि माप कोणी घेत नाही.

ज्या भूमीचा उपयोग मराठीने नावातच सांगून ठेवला आहे तिला 'पडीक' म्हणण्यास जीभ अडखळते, हेही येथे नमूद केले पाहिजे. गायरान, गुरचरण, मिठागर, खळवाडी. गायरानात पीक नाही, तरी ते पडीक नाही. तेथे गाय चरते हे नावच सांगते. ठाण्याच्या खाडीकाठचे खाजण परक्याला चिखल दिसतो, आगऱ्याला नाही. नाव असेल तेथे वापर दिसतो. म्हणून 'पडीक' हा शब्द बहुधा बोलणाऱ्याच्या अज्ञानाचा वाचक असतो, असे थोड्या कठोरपणे म्हणावयास हरकत नाही.

आता माणसाकडे वळता येईल. 'पडीक' हा शब्द माणसाला लागतो तो सामान्यतः विधेय म्हणून आणि अधिकरणासह: 'कट्ट्यावर पडीक असतो', 'गडकरी रंगायतनात पडीक असतो', 'फडके रस्त्यावर पडीक असतात'. अधिकरण काढून टाकले तर वाक्य लंगडे होते. 'तो पडीक आहे' एवढ्याने अर्थ पुरा होत नाही. कोठे, हा प्रश्न उरतोच. जमिनीच्या बाबतीत मात्र हा शब्द विशेषण म्हणून नामाला चिकटतो आणि त्याला अधिकरण लागत नाही, कारण जमीन स्वतःच अधिकरण आहे. हा वाक्यरचनेतील भेद दोन अर्थांमधील दुव्याकडे बोट दाखवतो.

दुवा उलगडण्यासाठी पुढील जोड्या पाहाव्यात. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात (स्थापना १८९३) किंवा कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात (स्थापना १८६४) एखादा विद्यार्थी रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसतो. तो तेथे पडीक असतो. ग्रंथपालही तेवढाच वेळ तेथे असतो. तो पडीक असतो असे कोणी म्हणत नाही. दुकानात मालकाचा मित्र पडीक असतो, मालक नव्हे. देवळात भक्त पडीक असेल, पुजारी नाही. म्हणजे केवळ दीर्घ उपस्थिती हा या शब्दाचा अर्थ नव्हे. ज्या उपस्थितीला नेमणूक आहे ती पडीक नसते. विद्यार्थ्याचे वाचन हे ग्रंथपालाच्या कामापेक्षा कमी कष्टाचे आहे, असे नाही. त्यातून उद्या प्रबंधही निघेल. परंतु त्या जागेच्या हजेरीपटावर त्याचे नाव नाही.

एवढे स्पष्ट झाल्यावर आरंभी दिसलेला विरोध मावळतो. जमीन पडीक असते तेव्हा जागा आहे आणि तिचे नेमलेले काम नाही. माणूस पडीक असतो तेव्हा तो जागेवर आहे आणि त्याला तेथे नेमलेले काम नाही. एकाच संबंधाची ही दोन टोके होत: जागा आणि नेमलेले काम यांची फारकत. माणसाचा अभाव वा अतिरेक हा दोन्ही ठिकाणी आनुषंगिक आहे. लक्षणा आहे, पण ती वैपरीत्याची नव्हे. सादृश्याची आहे, आणि ते सादृश्य संबंधांमधील आहे.

यातूनच शब्दाचा धोकाही लक्षात येतो. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील नाक्यांवर रोजंदारीच्या कामाची वाट पाहत माणसे पहाटेपासून उभी असतात. रस्त्याने जाणाऱ्याच्या तोंडून 'हे नाक्यावर पडीक असतात' असे वाक्य निघण्यास वेळ लागत नाही. वस्तुतः त्यांचे तेथे उभे राहणे हा त्यांच्या कामाचा पहिला प्रहर आहे, जसे वरकसचे विश्रांतीचे वर्ष हा पुढच्या पिकाचा पहिला हंगाम असे. मुरबाड, शहापूर भागातील कातकरी कुटुंबे पावसाळा संपल्यावर वीटभट्ट्यांवर किंवा कोळशाच्या कामावर जातात आणि मृगाच्या सुमारास परततात. मधल्या काळात जो त्यांच्या वस्तीवर जाईल त्याला पाडा ओसाड दिसेल. आणि जो भट्टीवर जाईल त्याला ते तेथले रहिवासी वाटणार नाहीत. एकाच कुटुंबाला गावी 'ओस' आणि कामाच्या ठिकाणी 'उपरे' ही दोन विशेषणे मिळतात. दोन्ही पाहणाऱ्याच्या तारखेवर अवलंबून आहेत.

कल्याण-डोंबिवलीच्या वाढीच्या इतिहासात 'पडीक'च्या जागी दुसरा एक शब्द हळूहळू येऊन बसला. तो म्हणजे 'मोकळी'. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, ठाण्यात वागळे वसाहत आणि पाठोपाठ डोंबिवलीत औद्योगिक क्षेत्र उभे राहिले, आणि त्याबरोबर शेताच्या भाषेची जागा भूखंडाच्या भाषेने घेतली. दोन्ही शब्द त्याच जमिनीविषयी, त्याच हंगामात बोलले जातात. परंतु 'पडीक' मागे पाहतो आणि 'मोकळी' पुढे. पडीक जमिनीला भूतकाळ असतो, कोणीतरी ती कशी कसत असे याचा. मोकळ्या जमिनीला केवळ भविष्य असते. भाव चढू लागला की जमीन पडीक राहत नाही, ती मोकळी होते. आणि 'मोकळी' म्हटल्यावर ती कोणापासून मोकळी केली, हा प्रश्न पुन्हा एकदा व्याकरणात हरवतो.

कल्याणजवळील नेवाळीच्या धावपट्टीचे प्रकरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानतळासाठी तेथील जमिनी घेण्यात आल्या. युद्ध संपले, धावपट्टी वापरातून गेली, जमीन संरक्षण खात्याकडे राहिली, आणि आसपासच्या गावांतील शेतकरी तीत पिके घेत राहिले. २०१७ च्या जूनमध्ये नौदलाच्या कुंपणाच्या कामावरून तेथे उग्र आंदोलन झाले. मालकीचा निवाडा हा न्यायालयाचा विषय आहे. भाषेच्या अंगाने पाहता, ही भूमी धावपट्टी म्हणून पडीक होती आणि शेत म्हणून नव्हती. 'ही जमीन पडीक आहे काय?' या प्रश्नाला 'कशासाठी नेमलेली?' हा प्रतिप्रश्न केल्याखेरीज उत्तर देता येत नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण सहसा मिळत नाही.

मराठी कोशाच्या पुढील आवृत्तीत 'पडीक'ची नोंद करताना 'ओसाड, उजाड, नापीक' ही माळ गाळावी, आणि 'नेमलेल्या कामावाचून असलेली (जागा). नेमणुकीवाचून एका जागी सतत असणारा (माणूस, अधिकरणासह)' अशा धर्तीवर व्याख्या करावी, एवढे या विवेचनावरून सुचवता येते. 'गवत पड'ला स्वतंत्र नोंद मिळावी. तसेच 'चालू पड' आणि 'कायम पड' या जोडीलाही. चालू असूनही पडलेली जमीन, हा पहिला शब्द ऐकताना हसू येते. परंतु 'पडीक'चा मूळ कालवाचक अर्थ जर आज कोठे जिवंत असेल तर तो या सरकारी शब्दात आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः भ्रमणध्वनीवरून करावयाची आहे, आणि न पेरलेल्या क्षेत्रासाठी या दोन पडींपैकी एक त्याला स्वतःच निवडावी लागते. पूर्वी हा शब्द तलाठी लिहीत असे. मुरबाडचा शेतकरी विश्रांतीस सोडलेल्या आपल्या वरकसपुढे यांतली कोणती पड लिहितो, याची गावोगावची टिपणे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सहज गोळा करता येतील.